व्हीओ रजिस्ट्रीत सेवा कशी शोधायची: एक प्रश्न, चार क्वेरी-भाषा

नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. जीएमआरटी या त्या दुर्बिणीनं २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर जवळपास ९० टक्के आकाश पाहून काढलं. त्या पाहणीचं नाव टीजीएसएस. ती सगळी निरीक्षणं पुन्हा नव्यानं प्रक्रिया करून २०१७ साली प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी आहे. आता समजा, तुमच्याकडे एका दीर्घिकेचे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे, आहेत आणि त्या जागेची टीजीएसएसची प्रतिमा तुमच्या प्रोग्रॅमला थेट मिळायला हवी आहे. एखाद्या पानावर जाऊन हातानं फाइल उतरवून घ्यायची नाही. मग ती प्रतिमा देणारी वेब सेवा शोधायची कुठे आणि कशी?

नेहमीचं सर्च इंजिन इथे फारसं कामाचं नाही. ते माणसांनी वाचायची पानं शोधून देतं. आपल्याला हवा असतो प्रोग्रॅमनं हाक मारायचा पत्ता, आणि त्या पत्त्याला कोणते पॅरामीटर द्यायचे याची खात्री. खगोलशास्त्रज्ञांनी यासाठी स्वतःची नोंदवही बनवली आहे: व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरीची, म्हणजे व्हीओची रजिस्ट्री. तिचे नियम २००२ साली स्थापन झालेली आयव्हीओए ही आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते. भारताच्या बाजूनं हे काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत सुरू झालं. आयुका आणि पुण्याचीच पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून व्हीओप्लॉटसारखी आलेख काढायची साधनं तयार केली.

या रजिस्ट्रीला प्रश्न विचारायच्या चार पद्धती तुमच्या वाट्याला येतील: साधे कीवर्ड, एक्सएमएल नोंदींवर चालणारी जुनी एक्सपाथ-एक्सक्वेरीची जोडी, एसक्यूएलच्या वळणाची आजची रेगटॅप आणि पायथॉनमधली पायव्हीओ ही लायब्ररी. वेळ कमी असेल तर माझं मत आधीच सांगतो. रेगटॅप नीट शिका, पायव्हीओ रोज वापरा, कीवर्ड फक्त सुरुवातीच्या चाचपणीला ठेवा आणि एक्सक्वेरी ओळखता आली तरी पुरे. पुढचं सगळं या मताचं कारण आहे.

आधी एक सूचना. खाली टेबलांची, कॉलमांची आणि फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, अंडरस्कोर आणि टिंबांसकट लिहायची. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेचं सिलेक्ट-फ्रॉम-व्हेअर ऐकून माहीत असेल तर अडचण येणार नाही.

पायरी १: क्वेरी लिहायच्या आधी एक नोंद पूर्ण वाचा

बहुतेक नवशिके ही पायरी गाळतात आणि मग क्वेरीला दोष देतात. कुठलीही क्वेरी-भाषा नोंदीत जे आहे तेवढंच शोधू शकते, म्हणून नोंदीची ठेवण डोक्यात बसायला हवी.

रजिस्ट्रीतली प्रत्येक नोंद मुळात एक्सएमएल दस्तऐवज, म्हणजे नाव दिलेल्या खणांत खण बसवून मांडलेला मजकूर, असते आणि तिचा साचा व्हीओरिसोर्स या मानकानं ठरवलेला असतो. सगळ्यात वर रिसोर्स: शीर्षक, वर्णन, विषय, कर्ता, प्रकाशक आणि आयव्हीओआयडी नावाचा कायमचा ओळखक्रमांक. रिसोर्सच्या पोटात कॅपॅबिलिटी, म्हणजे ही गोष्ट काय करू शकते ते. एका रिसोर्सला अनेक कॅपॅबिलिटी असू शकतात. कॅपॅबिलिटीच्या पोटात इंटरफेस, आणि प्रत्यक्ष पत्ता असतो तो या इंटरफेसमध्ये, तीन पातळ्या खाली.

कॅपॅबिलिटीवर स्टँडर्ड आयडी नावाचा शिक्का असतो. ती सेवा कोणत्या ठरलेल्या पद्धतीनं बोलते ते त्यावरून कळतं. नवशिक्यानं चार शिक्के लक्षात ठेवावेत. कोनसर्च: आकाशातला बिंदू आणि त्रिज्या द्या, त्या वर्तुळातल्या वस्तूंची यादी घ्या. एसआयए: प्रतिमा. एसएसए: वर्णपट. टॅप: अख्खं डेटाबेस टेबल, ज्याला तुम्ही एसक्यूएलसारखी क्वेरी विचारू शकता.

म्हणजे आपला प्रश्न नोंदीच्या भाषेत असा होतो: ज्या रिसोर्सच्या शीर्षकात किंवा वर्णनात टीजीएसएस आहे, आणि ज्याच्या एखाद्या कॅपॅबिलिटीवर एसआयएचा शिक्का आहे, त्याच कॅपॅबिलिटीच्या इंटरफेसचा पत्ता द्या. या वाक्यातला ‘त्याच’ हा शब्द ध्यानात असू द्या. चारही भाषांची खरी परीक्षा तिथेच होते.

या नोंदी जगभर विखुरलेल्या प्रकाशकांकडे तयार होतात. मोठ्या रजिस्ट्र्या ओएआय-पीएमएच या प्रोटोकॉलनं त्या गोळा करत असतात. ओएआय-पीएमएचला क्वेरी-भाषा समजू नका. त्यात सहाच क्रिया आहेत आणि त्यांचा सूर ‘अमुक तारखेनंतर बदललेलं सगळं द्या’ एवढाच. ती पोतं भरून आणायची सोय आहे. पोत्यातून निवडायचं काम पुढे.

पायरी २: कीवर्डनं चाचपणी

ब्रिस्टल विद्यापीठात तयार झालेलं टॉपकॅट हे मोफत साधन घ्या, त्याला जावा लागतं. त्याच्या व्हीओ मेन्यूत कोनसर्च, एसआयए, एसएसए आणि टॅप यांच्या वेगवेगळ्या खिडक्या आहेत. एसआयएची खिडकी उघडली की वरच्या भागात कीवर्डचा चौकोन दिसेल, त्याखाली कोणत्या रकान्यांत शोधायचं याच्या खुणा: शीर्षक, विषय, वर्णन, प्रकाशक वगैरे. ‘टीजीएसएस’ टाका आणि शोधा.

इथे लक्षात घ्या की एसआयएची खिडकी उघडल्यामुळे शिक्क्याची अट टॉपकॅटनं तुमच्या वतीनं आधीच घातली आहे. तुमचा कीवर्ड फक्त मजकुराशी झुंजतो. म्हणून निकाल बऱ्यापैकी नेमके वाटतात, आणि कीवर्ड-शोध फार शहाणा असल्याचा भास होतो.

तो भास घालवायचा असेल तर कोनसर्चच्या खिडकीत ‘जीएमआरटी’ टाकून वर्णनाच्या रकान्यासमोर खूण करा. जीएमआरटीचा नुसता उल्लेख असलेले कॅटलॉगही समोर येतील. कारण सरळ आहे. स्ट्रासबूरच्या सीडीएस केंद्राच्या व्हिझिएआर या संग्रहात २० हजारांहून जास्त कॅटलॉग आहेत, त्यांच्याच नोंदींनी रजिस्ट्रीचा मोठा भाग भरलेला आहे आणि त्यांच्या वर्णनात मूळ शोधनिबंधाचा सारांश असतो. सारांशात ‘आम्ही जीएमआरटीच्या निरीक्षणांशी तुलना केली’ एवढं वाक्य असलं तरी तो कॅटलॉग तुमच्या यादीत बसतो.

उलटी गंमतही होते. ‘मीटरवेव्ह’ शोधणाऱ्याला ‘लो फ्रीक्वेन्सी’ लिहिलेली नोंद सापडत नाही. कीवर्डला समानार्थी शब्द कळत नाहीत. विषयांसाठी आता युनिफाइड ॲस्ट्रॉनॉमी थिसॉरस या ठरलेल्या शब्दसंग्रहातले शब्द वापरायची शिफारस आहे, पण जुन्या नोंदींत ज्याला जे सुचलं ते त्यानं लिहिलेलं आहे.

मग कीवर्डचा उपयोग काय? शब्द गोळा करणं. दोन-चार बरे निकाल उघडा आणि बघा: शीर्षक कसं लिहिलं आहे, संक्षेप वापरलाय की पूर्ण नाव, विषयात काय आहे, तरंगपट्ट्याचा रकाना भरलाय का. हे शब्द वहीत उतरवून घ्या, पुढच्या पायरीत तेच लागणार आहेत.

पायरी ३: जुनी वाट ओळखून ठेवा

हा भाग वाचून सोडून दिलात तरी चालेल. पण जुने लेख आणि जुने प्रोग्रॅम वाचताना यातल्या गोष्टी भेटतील, आणि पुढची रेगटॅप अशी का आहे ते इथूनच कळतं.

२००९ च्या रजिस्ट्री इंटरफेसेस १.० या मानकात शोध सोपवरून, म्हणजे एक्सएमएलच्या पाकिटातून चालत असे. त्यात तीन तऱ्हा होत्या. एक कीवर्डची. दुसरी एडीक्यूएलच्या, म्हणजे खगोलशास्त्रासाठी बेतलेल्या एसक्यूएलच्या, व्हेअर भागाची, जिच्यात कॉलमच्या नावाच्या जागी एक्सपाथ, म्हणजे एक्सएमएलमधल्या खणापर्यंतची वाट, लिहायचा: टायटल लाइक अमुक, कॅपॅबिलिटीच्या स्टँडर्ड आयडीचा पाथ बरोबर तमुक. तिसरी एक्सक्वेरीची, पण ती ऐच्छिक होती, म्हणजे रजिस्ट्री चालवणाऱ्यानं दिली तर दिली.

दुसरी तऱ्हा वाचायला झकास वाटते. अडचण ‘त्याच’ या शब्दाशी येते. समजा एका रिसोर्सला दोन कॅपॅबिलिटी आहेत: एक एसआयएची, जुन्या आवृत्तीची, दुसरी कोनसर्चची, नव्या आवृत्तीची. तुम्ही दोन पाथ-अटी लिहिल्या: कुठलीतरी कॅपॅबिलिटी एसआयए असावी, आणि कुठल्यातरी इंटरफेसची आवृत्ती नवी असावी. दोन्ही अटी खऱ्या ठरतात, पण वेगवेगळ्या कॅपॅबिलिटींमुळे. निकालात हा रिसोर्स येतो आणि तुम्हाला हवी ती सेवा त्यात नसते. सुट्या पाथांच्या अटींना एकमेकींशी बांधायची दोरी त्या भाषेत नव्हती.

एक्सक्वेरीकडे ती दोरी होती. २००७ साली डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस झालेली ही भाषा एक्सएमएलसाठीच बनली आहे. ‘प्रत्येक कॅपॅबिलिटी एका चलात घे, त्या चलावर दोन्ही अटी लाव, मग त्याच्याच पोटातला पत्ता परत दे’ हे तिच्यात चार ओळींत लिहिता येतं. ताकदीत ती या चौघींत कुणालाही हार जात नाही, आणि नोंदीचं एक्सएमएल तिला जसंच्या तसं चालतं. तरीही ती मागे पडली. ऐच्छिक असल्यामुळे एका रजिस्ट्रीवर चाललेली क्वेरी दुसरीकडे चालेलच याची खात्री नव्हती, आणि एक्सएमएल डेटाबेस सांभाळायला फारसं कुणी राजी नव्हतं. शिवाय खगोलशास्त्रज्ञांना कॅटलॉगसाठी एसक्यूएल शिकावंच लागत होतं, वर आणखी एक भाषा कोण शिकणार? २०१८ च्या रजिस्ट्री इंटरफेसेस १.१ मधून शोधाचा हा सगळा भाग काढून टाकला गेला. एक्सक्वेरी आज वापरायची तर ओएआय-पीएमएचनं नोंदी स्वतः उतरवून घेऊन, स्वतःच्या संगणकावर.

बाहेरच्या वेब-जगातही त्या काळात असाच प्रयोग झाला होता. २००० साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी यूडीडीआय ही वेब सेवांच्या नोंदवहीची पद्धत आणली. तिच्यात खरं तर क्वेरी-भाषा नव्हतीच. फाइंड बिझनेस, फाइंड सर्व्हिस अशा ठरीव हाका होत्या आणि सोबत थोडी ‘नेमकं जुळव’ किंवा ‘अंदाजे जुळव’ अशी विशेषणं. तिची सार्वजनिक रजिस्ट्री २००६ च्या जानेवारीत बंद झाली. व्हीओची रजिस्ट्री टिकली याचं श्रेय मी क्वेरी-भाषेला कमी आणि शिक्क्यांना जास्त देतो. एसआयए म्हटलं की कोणते पॅरामीटर द्यायचे हे जगभर एकच आहे, त्यामुळे सेवा सापडल्यावर ती लगेच वापरता येते. सापडलेल्या सेवेशी बोलायचं कसं हे प्रत्येक वेळी नव्यानं शिकावं लागलं असतं, तर इथेही कुणी फिरकलं नसतं.

पायरी ४: रेगटॅप

२०१४ च्या डिसेंबरमध्ये शिफारस झालेल्या रेगटॅपची कल्पना साधी आहे. एक्सएमएलची नोंद फोडून ठरीव टेबलांत भरायची आणि ती टेबलं एका टॅप सेवेमागे ठेवायची. म्हणजे रजिस्ट्रीसाठी वेगळी भाषा नकोच. ज्या एडीक्यूएलमध्ये ताऱ्यांच्या कॅटलॉगला प्रश्न विचारता, त्याच एडीक्यूएलमध्ये ‘कॅटलॉग कुठे आहेत’ हेही विचारायचं. एडीक्यूएल म्हणजे एसक्यूएल-९२ वर बेतलेली, आकाशातल्या वर्तुळ-बिंदूंची भर घातलेली भाषा. एसक्यूएल येत असेल तर एक फरक लगेच जाणवेल: ओळी मर्यादित करायला शेवटी लिमिट नाही, सिलेक्टच्या पुढे टॉप लिहायचं.

अशी सेवा हायडेलबर्गचं गावो केंद्र चालवतं, बाल्टिमोरची एसटीएससीआय ही अवकाश दुर्बिणींची संस्था चालवते, आणि युरोपीय अवकाश संस्थेचं माद्रिदजवळचं केंद्रही. टॉपकॅटच्या टॅप खिडकीत गावोची सेवा निवडा. डावीकडच्या यादीत आरआर नावाचा स्कीमा, म्हणजे टेबलांचा गट, दिसेल. आपली टेबलं त्यात आहेत.

सुरुवातीला तीनच टेबलं पुरतात: आरआर.रिसोर्स, आरआर.कॅपॅबिलिटी, आरआर.इंटरफेस. पायरी एकमधल्या तीन पातळ्या त्याच. आपला प्रश्न आता असा लिहायचा:

सिलेक्ट रेस_टायटल, आयव्हीओआयडी, ॲक्सेस_यूआरएल
फ्रॉम आरआर.रिसोर्स
नॅचरल जॉइन आरआर.कॅपॅबिलिटी
नॅचरल जॉइन आरआर.इंटरफेस
व्हेअर स्टँडर्ड_आयडी लाइक 'आयव्हीओ://आयव्हीओए.नेट/एसटीडी/एसआयए%'
अँड इंटफ_रोल = 'एसटीडी'
अँड (१ = आयव्हीओ_हॅजवर्ड(रेस_टायटल, 'टीजीएसएस')
ऑर १ = आयव्हीओ_हॅजवर्ड(रेस_डिस्क्रिप्शन, 'टीजीएसएस'))

‘त्याच’चं काय झालं ते बघा. कॅपॅबिलिटी आणि इंटरफेस या दोन्ही टेबलांत आयव्हीओआयडी आणि कॅप_इंडेक्स हे कॉलम आहेत. नॅचरल जॉइन समान नावाच्या सगळ्या कॉलमांवर जोडतं, म्हणून इंटरफेस आपोआप आपल्याच कॅपॅबिलिटीला चिकटतो. रेस_टायटल, कॅप_डिस्क्रिप्शन अशी अवजड नावंही याचसाठी आहेत. दोन टेबलांत नुसतं ‘डिस्क्रिप्शन’ असतं, तर नॅचरल जॉइननं वर्णनं जुळवायचा प्रयत्न केला असता आणि हाती शून्य ओळी आल्या असत्या.

ऑरच्या भोवतीचे कंस विसरू नका. ते नसतील तर अँड आधी बांधला जातो आणि वर्णनात टीजीएसएस असलेली कुठलीही नोंद, एसआयए असो वा नसो, यादीत घुसते.

‘१ =’ हा प्रकार विचित्र दिसतो. एडीक्यूएल २.० मध्ये फंक्शनला खरं-खोटं परत देता येत नाही, म्हणून १ किंवा ० येतं आणि आपण ते १ शी ताडून पाहतो. रेगटॅपची अशी खास फंक्शनं चार आहेत. हॅजवर्ड मजकुरात शब्द शोधतं. नोकेसमॅच कॅपिटल-स्मॉलचा भेद न करता लाइकसारखं जुळवतं. हॅशलिस्ट_हॅज आणि स्ट्रिंग_ॲग यांच्याकडे आता येतोच. या चौघांच्या नावाआधी आयव्हीओ आणि अंडरस्कोर लावायचं.

आता खड्डे. नवशिक्यांचा वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर.

कॅपिटल-स्मॉल. देवनागरीत हा प्रश्नच नाही, पण स्क्रीनवर आहे. आयव्हीओआयडी आणि स्टँडर्ड आयडी यांची तुलना अक्षरांच्या आकाराकडे न बघता करायची असा नियम आहे. डेटाबेसला ते जड जातं, म्हणून रेगटॅप सेवा ही मूल्यं आधीच स्मॉल करून ठेवतात. मानकाच्या कागदावर एसआयए कॅपिटलमध्ये छापलेलं असतं, तुम्ही तसंच टाइप केलंत तर उत्तर रिकामं. चूक असल्याचा संदेशही येत नाही.

हॅश-याद्या. एका सेवेत रेडिओ आणि दृश्य दोन्ही असेल तर वेव्हबँड कॉलममध्ये दोन शब्द हॅशच्या चिन्हानं जोडून ठेवलेले असतात. तिथे ‘बरोबर रेडिओ’ लिहिलंत तर फक्त-रेडिओवाल्याच सेवा येतात. हॅशलिस्ट_हॅज वापरा, ते यादीत शब्द आहे का एवढंच बघतं. त्याहून मोठा खड्डा म्हणजे कित्येक नोंदींत हा रकाना रिकामाच आहे. तरंगपट्ट्याची अट घातली की त्या बिनबोभाट गळतात. म्हणून मी ही अट सगळ्यात शेवटी घालतो, आणि तिच्या आधी-नंतरची संख्या बघतो.

ओळींची पैदास. विषयांचं टेबल, आरआर.रेस_सब्जेक्ट, जोडलं की पाच विषय असलेली एक सेवा पाच ओळींत दिसते. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असली म्हणून जमीन पाचपट होत नाही. ओळी मोजून ‘इतक्या सेवा सापडल्या’ म्हणू नका. डिस्टिंक्ट वापरा, किंवा आयव्हीओआयडीवर ग्रुप बाय करून विषय स्ट्रिंग_ॲगनं एका ओळीत गोळा करा. ‘अमुक आणि तमुक दोन्ही विषय असलेली सेवा’ हवी असेल तर एका ओळीत एकच विषय असतो हे आठवा. व्हेअरमध्ये दोन बरोबर-अटी अँडनं जोडल्या तर उत्तर नेहमी रिकामं येईल. दुसरी अट ‘आयव्हीओआयडी इन’ आणि आत उपक्वेरी अशी लिहावी लागते.

टॅपचे दुय्यम शिक्के. स्टँडर्ड आयडी ‘टॅप%’ असं लाइकनं विचारलंत तर हजारो ओळी येतील आणि पुष्कळांचा पत्ता एकच असेल. व्हिझिएआरचा प्रत्येक कॅटलॉग ‘मी त्या मोठ्या टॅप सेवेतही आहे’ असं सांगतो आणि त्याचा शिक्का हॅश-ऑक्सनं संपतो. फक्त टॅप सेवा हव्या असतील तर टक्क्याचं चिन्ह काढून नेमकी तुलना करा. अमुक कॅटलॉग टॅपवर कुठे मिळेल हे हवं असेल तर टक्का ठेवा. एसआयएच्या बाबतीत टक्का लागतोच, कारण दुसऱ्या आवृत्तीचा शिक्का वेगळा आहे.

मर्यादा. टॅप सेवा ठराविक ओळींनंतर थांबते आणि उत्तरात ओव्हरफ्लोची खूण ठेवते. गोल आकडा आला की संशय घ्या.

इतके खड्डे असूनही मी रेगटॅपच्या बाजूनं आहे, कारण कॉलमांबद्दल विचारायची सोय. आरआर.टेबल_कॉलम या टेबलात कॅटलॉगांतल्या कॉलमांची माहिती आहे: नाव, एकक, वर्णन आणि यूसीडी. यूसीडी म्हणजे राशीचा ठरीव संकेत. फ्लक्स, म्हणजे स्रोताकडून येणाऱ्या प्रारणाचं मोजमाप, कुणी ‘एस१५०’ म्हणेल, कुणी ‘एसटोटल’, कुणी ‘पीक’. पण नोंद नीट भरली असेल तर यूसीडी ‘फोट.फ्लक्स’नं सुरू होईल आणि त्यात १०० ते २०० मेगाहर्ट्झच्या रेडिओपट्ट्याचा संकेत असेल. यूसीडीवर लाइकची अट घातली की १५० मेगाहर्ट्झच्या आसपासची फ्लक्स मोजलेले कॅटलॉग समोर येतात, शीर्षकात तसा एकही शब्द नसला तरी. टीजीएसएस शोधायला निघालेल्याला नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीचे कॅटलॉग हाती लागतात ते असे, आणि तुलनेला ते लागतातच. कीवर्डला हे कधीच जमणार नाही.

एक छोटी गंमत. आरआर.रेस_डिटेल नावाचं एक टेबल आहे. ज्या माहितीला कुठेच जागा मिळाली नाही ती तिथे राहते: कोनसर्चला जास्तीत जास्त त्रिज्या किती चालते, टॅप सेवा कोणतं डेटा मॉडेल पाळते, वगैरे. या टेबलातल्या कॉलमचं नाव आहे डिटेल_एक्सपाथ. क्वेरीतून हाकललेला एक्सपाथ मूल्य बनून मागच्या दारानं परत आला. सगळं एक्सएमएल टेबलांत बसत नाही याची ही कबुलीच आहे, आणि एक्सक्वेरीच्या चाहत्यांना तेवढं म्हणायचा हक्क आहे.

पायरी ५: पायव्हीओ

रेगटॅप एकदा हातानं लिहून झाली की रोज ती लिहायची गरज नाही. पायथॉनमध्ये पिपनं पायव्हीओ इन्स्टॉल करा. त्याच्या रजिस्ट्री विभागातलं सर्च हे फंक्शन अटी घेतं: फ्रीटेक्स्ट, सर्व्हिसटाइप, वेव्हबँड, ऑथर, यूसीडी, डेटामॉडेल. आपला प्रश्न म्हणजे फ्रीटेक्स्टला ‘टीजीएसएस’ आणि सर्व्हिसटाइपला ‘एसआयए’, एवढंच. लाइक, हॅश-याद्या, स्मॉल अक्षरं आणि दुय्यम शिक्के यांची काळजी ते स्वतः घेतं.

पायव्हीओची ही वेगळी क्वेरी-भाषा आहे का? आतून ते रेगटॅपच लिहितं. हे डोळ्यांनी बघायला त्याच अटी सर्चऐवजी गेट_रेगटॅप_क्वेरी या फंक्शनला द्या. तयार झालेली एडीक्यूएल मजकूर म्हणून परत मिळते. नवशिक्यांना माझा आग्रह आहे की पहिले काही दिवस प्रत्येक शोधाआधी ती छापून वाचावी. तुमच्या दोन शब्दांच्या मागे काय काय जोडलं गेलं ते कळतं, आणि निकाल अनपेक्षित आला तर नेमकी कोणती अट काढायची हेही.

दोन शब्द शोधायचे तर ते दोन वेगळ्या मजकुरांत द्या. एकाच मजकुरात मध्ये मोकळी जागा सोडून दिलेत तर रजिस्ट्रीगणिक वागणूक बदलू शकते. मूळ कारण हॅजवर्डमध्ये आहे. शब्द जुळवताना त्याची रूपं किती सैलपणे धरायची हे रेगटॅपनं सेवा चालवणाऱ्यावर सोडलं आहे. म्हणून हायडेलबर्ग आणि बाल्टिमोर यांची उत्तरं थोडी वेगळी आली तर घाबरू नका.

अटी सगळ्या अँडनं जोडल्या जातात. ‘एसआयए नको पण टॅप हवं’, ‘अमुक प्रकाशकाच्या सेवा मोजून द्या’ असे प्रश्न आले की पायव्हीओची वाट संपते आणि हातानं लिहिलेल्या रेगटॅपला पर्याय उरत नाही.

पायरी ६: सापडलेली सेवा तपासा आणि जपा

निकालातल्या नोंदीवर ॲक्सेस_मोड्स विचारा. ती कोणकोणत्या पद्धतींनी बोलते ते कळेल. मग गेट_सर्व्हिसला ‘एसआयए’ सांगून सेवा घ्या आणि तिच्या सर्चला जागा आणि आकार द्या. पहिल्या चाचणीला छोटा आकार घ्या, पाव अंश पुरे. जागा टीजीएसएसच्या हद्दीतली हवी: ही पाहणी उणे ५३ अंश क्रांतीच्या उत्तरेला आहे, त्यामुळे मॅजेलनच्या मेघांवर चाचणी घेतलीत तर सेवा ठणठणीत असूनही उत्तर रिकामंच येईल.

पायव्हीओऐवजी पत्ता हातानं वापरणार असाल तर एसआयएची आवृत्ती आधी बघा. पहिल्या आवृत्तीत जागा स्वल्पविरामानं जोडलेल्या दोन आकड्यांत आणि आकार वेगळ्या पॅरामीटरमध्ये. दुसऱ्या आवृत्तीत ‘सर्कल’ हा शब्द आणि पुढे तीन आकडे. इंटरफेसच्या टेबलात ऑथेंटिकेटेड_ओन्ली नावाचा कॉलमही पाहून घ्या. तिथे १ असेल तर लॉगिनशिवाय दार उघडणार नाही.

शेवटी वहीत, प्रोग्रॅममध्ये आणि शोधनिबंधात आयव्हीओआयडी लिहून ठेवा, ॲक्सेस_यूआरएल नव्हे. सर्व्हर बदलतात, संस्था पत्ते बदलतात, एचटीटीपीचं एचटीटीपीएस होतं. प्रोग्रॅम सुरू होताना आयव्हीओआयडी देऊन रजिस्ट्रीला ताजा पत्ता विचारा. पायव्हीओच्या सर्चला आयव्हीओआयडी हीच एक अट दिली की काम होतं. शोधासाठी वापरलेली क्वेरीही तारखेसह शेजारी ठेवा, कारण सहा महिन्यांनी तीच क्वेरी चालवलीत तर यादीत दोन-चार नवी नावं असू शकतात.